दोन्ही रॅमवर ३२००च लिहिलंय, मग भावात एवढा फरक कशाचा?

आर्णी तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या भावाचा हा प्रश्न आहे. दिवसभर सातबारा, दाखले, पीक विम्याचे फॉर्म. लग्नसराईत एडियसवर व्हिडिओ आणि फोटोशॉपमध्ये अल्बम. मशीन आय५-१०४००, बोर्ड एच४१०, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आत रॅमची ८ जीबीची, २६६६ वेगाची एकच डीडीआर४ स्टिक. त्याने १६ जीबीचे, म्हणजे ८ अधिक ८ असे तीन किट निवडून ठेवलेत. पहिला साधा, हिरव्या पाटीचा, वेग ३२००, सीएल२२ (सीएल म्हणजे प्रतिसादाचा आकडा, पुढे समजावतो). दुसरा ३२०० सीएल१६, वर काळं कव्हर, किंमत पहिल्याच्या जवळपास दीडपट. तिसरा ३६०० सीएल१८, रंगीत दिव्यांचा, त्याहून महाग. प्रश्न त्याच्याच शब्दांत: "दादा, पयल्या दोनीवर बत्तीसशेच लिवलं हाये, मंग दीडपट पैसे कायचे? अन् तिसरा घेतला तं मशीन पयन काय?"

भाऊ, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तिघांतलाच एक घ्यायचा असेल तर पहिला घ्या. तुमच्या बोर्डावर दुसरा आणि तिसरा त्यांच्या खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालणारच नाहीत, आणि योग वाईट असला तर पहिल्यापेक्षा हळू चालतील. पण खरं विचाराल तर तुम्हाला किटच नको. आहे त्या स्टिकच्या जोडीला ८ जीबीची एकच साधी स्टिक लावा. काम तेवढंच होईल आणि खर्च पहिल्या किटच्याही निम्म्यावर येईल.

रॅमचा वेग एकटी रॅम ठरवत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. मेमरीचा कंट्रोलर, म्हणजे रॅम चालवणारा भाग, प्रोसेसरच्या आत असतो. आय५-१०४०० साठी इंटेलने दिलेली मर्यादा २६६६ आहे. त्याच पिढीच्या आय७ आणि आय९ ला २९३३. झेड४९० बोर्ड असता तर ही मर्यादा ओलांडता आली असती, एच४१० आणि बी४६० वर ती मुभा इंटेलने ठेवलेली नाही. पुढच्या पिढीत बी५६० पासून बी मालिकेच्या बोर्डांना ती मिळाली, पण एच५१० आणि एच६१० पुन्हा बंदच. आपल्या भागात विकले जाणारे स्वस्तातले डेस्कटॉप बहुतेक याच एच मालिकेचे असतात. म्हणून तुमच्याकडे ३२०० लावा की ३६००, घड्याळ २६६६ वर थांबणार.

आता "पहिल्यापेक्षा हळू" कसं, ते बघा. प्रत्येक स्टिकवर एक बारीकशी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. मशीन सुरू होताना बोर्ड ती वाचतं आणि स्टिक कोणत्या वेगाला किती वेळ घेते याचा तक्ता त्यातून उचलतं. या तक्त्यात दोन प्रकारच्या नोंदी असतात. एक जेडेकच्या, म्हणजे मेमरीचं मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या. डीडीआर४ चं मानक २०१२ चं, व्होल्टेज १.२, आणि वेग ३२०० पर्यंत. दुसरी नोंद एक्सएमपीची. ही स्टिक बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या हिमतीवर केलेली असते, बहुधा १.३५ व्होल्टवर, आणि बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू केल्याशिवाय ती लागू होत नाही.

तुमचा पहिला किट, ३२०० सीएल२२, हा जेडेकच्या तक्त्यातलाच आहे. तो बोर्डात खोचला की बोर्ड झेपेल तेवढा वेग आपोआप घेतं. तुमच्याकडे २६६६ सीएल१९. दुसऱ्या किटवरचं ३२०० सीएल१६ मात्र एक्सएमपीचं आहे. एक्सएमपी काढून घेतलं तर मागे काय उरतं, हे त्या कंपनीने जेडेकच्या रकान्यात काय भरलंय त्यावर आहे. कुठे २६६६ असतं, कुठे २४००, कुठे चक्क २१३३. खोक्यावर ते मोठ्या अक्षरात नसतं. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात "एसपीडी स्पीड" असा रकाना असतो, तो बघायचा.

सुट्या रिटेल बोर्डावर निदान हाताने २६६६ लावायची सोय असते. सरकारी ऑफिसांच्या किंवा कंपन्यांच्या लिलावातून आलेले डेल, एचपी, लेनोव्होचे ऑफिसवाले डबे हल्ली गावोगावी सेवा केंद्रांत दिसतात. त्यांच्या बायॉसमध्ये बहुतेक वेळा एक्सएमपीही नसतं आणि हाताने वेग लावायची सोयही नसते. तिथे महागडी गेमिंग रॅम २४०० वर रांगते आणि शेजारच्या टेबलावरची हिरवी साधी स्टिक, प्रोसेसर घेत असेल तर, ३२०० वर चालते. माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन लोक येतात, "रॅम डुप्लिकेट निघाली" म्हणून. रॅम अस्सल असते. जागा चुकलेली असते.

सीएलचं गणित एकदा समजून घ्या म्हणजे कोणताही किट स्वतःच तोलता येईल. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून पहिला डेटा हाती येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात तो आकडा. पण ठोका किती लांबीचा, हे वेगावर अवलंबून. म्हणून नुसता सीएल पाहून काही कळत नाही. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल२२ ला १३.७५ नॅनोसेकंद. ३२०० सीएल१६ ला १०. ३६०० सीएल१८ लाही १०. म्हणजे तुमचा दुसरा आणि तिसरा किट प्रतिसादाला अगदी सारखे आहेत. तिसऱ्याकडे एका दमात वाहून नेण्याची ताकद साडेबारा टक्के जास्त, बाकी दिव्यांचे पैसे.

हेच तुमच्या बोर्डावर लावून बघा. २६६६ सीएल१९ म्हणजे सव्वाचौदा नॅनोसेकंद. २४०० सीएल१७ म्हणजे चौदाच्या थोडं वर, २१३३ सीएल१५ म्हणजेही चौदाच. प्रतिसाद सगळीकडे तोच, पण वहनक्षमता वेगळी: एका स्टिकमागे सेकंदाला २६६६ वर २१.३ जीबी, २४०० वर १९.२ आणि २१३३ वर १७. दीडपट पैसे देऊन वीस टक्के गमावायची सोय झाली की ही.

मग महाग किट महाग का, हा तुमचा मूळ प्रश्न. सगळाच पैसा दिखाव्याचा नाही. मेमरीच्या चिपा मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. आपण ज्यांना रॅमची कंपनी म्हणतो, किंग्स्टन, कोर्सेअर, जी.स्किल, एडाटा, त्या या चिपा विकत घेऊन पाटीवर बसवतात. एकाच सिलिकॉनच्या चकतीवर तयार झालेल्या चिपांतही काही कमी वेळात उत्तर देतात, काहींना थोडी सवड लागते. चाचणी करून त्यांची प्रतवारी होते. एकाच वावरातला कापूस असला तरी पहिल्या वेच्याचा आणि फरदडीचा भाव सारखा नसतो, तसंच हे. १० नॅनोसेकंदांत हमखास उत्तर देणारी चिप निवडावी लागते, तिचे पैसे खरे आहेत. ती मेहनत तुमच्या बोर्डापर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

आणि सीएल सारखा असला तरी किट सारखे असतीलच असं नाही. खोक्यावर बारीक अक्षरात चार आकडे असतात, उदाहरणार्थ १६-१८-१८-३८. दुसऱ्या किटवर १६-२०-२०-३८ असेल. जाहिरातीत दोन्ही "सीएल१६". पहिला आकडा ठळक छापतात म्हणून कंपन्या तो खाली आणतात आणि पुढच्या दोन आकड्यांत ढील देतात. एकाच ओळीतल्या दोन किटांत शे-पाचशेचा फरक दिसला तर आधी हे मधले दोन आकडे वाचा, निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. शिवाय बऱ्याच कंपन्या मॉडेलचं नाव तेच ठेवून आतल्या चिपा बदलतात. गेल्या वर्षीचं एखाद्याचं परीक्षण वाचून आज घेतलेल्या किटमध्ये तीच चिप असेल असं धरून चालू नका.

साध्या, बिनकव्हरच्या स्टिकमध्ये एक फरक डोळ्यांनी मोजता येतो, आणि तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाला तोच सर्वांत कामाचा. ८ जीबीच्या स्टिकवर काळ्या चौकोनी चिपा मोजा. कुठे आठ असतात, कुठे चारच. स्टिकरवर पहिलीला "१आरx८" आणि दुसरीला "१आरx१६" असं लिहिलेलं असतं. चार चिपांची स्टिक बनवायला स्वस्त पडते. पण डीडीआर४ मध्ये अशा रुंद चिपेत बँकांचे, म्हणजे डेटा ठेवायच्या खणांचे, गट दोनच असतात, आठवालीत चार. गट कमी म्हणजे एकीकडे काम चालू असताना दुसरीकडे मागणी टाकायला जागा कमी. दोन्हींवर ८ जीबी, ३२००, सीएल२२ असंच छापलेलं, पण प्रत्यक्ष कामात आठ चिपांची स्टिक सरस. भावात थोडाच फरक असेल तर आठवालीच घ्या. कव्हरवाल्या किटमध्ये हे दिसत नाही, हीही कव्हरची एक खुबी.

आता तुमच्या कामाकडे येतो, कारण तुम्हाला वेगाची नाही, जागेची अडचण आहे. अल्बमची १२ बाय ३६ इंचाची शीट घ्या. ३०० डीपीआयला ती ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल होते, म्हणजे ३ कोटी ८८ लाख पिक्सेल. साध्या आठ बिटांच्या आरजीबीत एक पूर्ण थर साधारण ११७ एमबीचा. त्यावर पार्श्वभूमी, सात-आठ फोटो, सावल्या, मास्क आणि मागे जायच्या पायऱ्यांचा इतिहास धरा; एका शीटने दोन-अडीच जीबी खाणं काही विशेष नाही. त्यात विंडोज स्वतः, शेजारी उघडं ठेवलेलं ब्राउझर, त्यात सरकारी पोर्टलच्या दहा-बारा टॅब. ८ जीबी तिथेच भरतात. भरल्यावर विंडोज उरलेला माल डिस्कवर टाकायला लागतं आणि मशीन अडखळतं. त्या क्षणी रॅमचा सीएल सोळा आहे की बावीस, याने काडीचा फरक पडत नाही, कारण डिस्क रॅमपेक्षा हजारो पटींनी सावकाश असते.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी करा. भर कामाच्या वेळी, सगळं उघडं असताना, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचा भाग उघडा. मेमरी नव्वद टक्क्यांवर आणि सोबत डिस्क शंभरावर असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी साठ-सत्तरवर आणि डिस्क शंभरावर असेल तर दुखणं डिस्कचं आहे. विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर रॅमच्या आधी एसएसडी घ्या, त्याबद्दल माझं दुसरं मत होऊ शकत नाही. त्याच पानावर "स्लॉट्स यूज्ड" दिसतं आणि वेगही दिसतो. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्राममध्ये बघाल तर २६६६ च्या जागी १३३३ दिसेल. घाबरू नका, ते घड्याळ दाखवतं आणि डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा माल पोहोचवणं.

एकाच्या दोन स्टिक होणं मात्र तुम्हाला जाणवेल. स्लॉट दोन आहेत, प्रत्येकाला प्रोसेसरकडे जाणारा स्वतंत्र रस्ता आहे, आणि सध्या त्यातला एक रिकामा पडलाय. दुसरी स्टिक लागली की वहनक्षमता सेकंदाला २१.३ ची ४२.६ जीबी होते. तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नसल्याने प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून खातं, म्हणून व्हिडिओच्या टाइमलाइनवर फरक दिसतो. सीएल बावीसचा सोळा करून जे मिळतं ते स्टॉपवॉच लावून मोजावं लागेल.

"दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र चालतात का?" हे पुढे विचाराल. बहुतेक वेळा चालतात. दोघींत जी हळू, तिच्या वेगाने दोघी चालतात. तुमची जुनी २६६६ ची आहे आणि बोर्डही २६६६ वरच थांबणार आहे, म्हणजे नवीन ३२०० ची साधी स्टिक जोडून तुमचं काही जात नाही. कंपन्या जोडी विकताना दोन्ही स्टिक एकत्र तपासून देतात, किटचे थोडे जास्तीचे पैसे त्यासाठीही असतात. ते वसूल होतात एक्सएमपीच्या टोकाच्या वेगावर. जेडेकच्या साध्या वेगावर जोडी न जुळण्याचं प्रमाण फार कमी. तरीही दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा की न जुळल्यास बदलून देणार.

जवळ थोडे जास्त पैसे असतील तर ८ ऐवजी १६ ची स्टिक जोडा. एकूण २४ होतील. मापं वेगळी असली तरी इंटेलचा कंट्रोलर पहिले ८ अधिक ८ दुहेरी रस्त्याने चालवतो आणि उरलेले ८ एकेरीने. अल्बमच्या कामाला हे १६ जीबीच्या कोणत्याही चकचकीत किटपेक्षा बरं. फोरके व्हिडिओ घेणार असाल तर मात्र १६ अधिक १६ असा साधा किटच घ्या आणि विषय संपवा.

आपल्या उन्हाचं सगळे विचारतात. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, यवतमाळ सगळीकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास, वर टिनाचं छप्पर, मग कव्हरवाली रॅम नको का? डीडीआर४ ची स्टिक १.२ व्होल्टवर दोन-चार वॅट खाते. चिपा ८५ अंशांपर्यंत नेहमीच्या कामासाठीच बनवलेल्या असतात. दुकानात ४५ असलं तरी हवा खेळती असलेल्या कॅबिनेटमध्ये साधी स्टिक त्या मर्यादेजवळ जात नाही. डीडीआर४ चं कव्हर हा शोभेचा पत्रा आहे, त्यासाठी पैसे देऊ नका. डीडीआर५ मध्ये गोष्ट थोडी वेगळी: व्होल्टेज सांभाळणारी चिप स्टिकवरच आलीय आणि जास्त व्होल्टचे एक्सएमपी किंवा एक्सपो (एएमडीचं एक्सएमपीसारखंच) लावले तर ती बरीच तापते, तिथे कव्हर थोडं कामाचं. जानेवारीत बिनबोभाट चाललेलं एक्सएमपी मे महिन्यात निळा पडदा दाखवू शकतं, म्हणून असं मशीन तपासायचं तर भर दुपारी तपासावं.

उन्हापेक्षा मला भीती आपल्या कूलरची वाटते. दुकानात डेझर्ट कूलर, आणि मशीन थंड राहावं म्हणून कॅबिनेट नेमकं त्याच्या झोतात. ती हवा ओली असते. तिच्याबरोबर धूळ, आणि जिनिंग जवळ असेल तर कापसाचे तंतू येतात. चार महिन्यांत स्लॉट आणि स्टिकच्या सोनेरी दातांवर थर बसतो, मग पावसाळ्यात कधीतरी मशीन नुसतं बीप देतं आणि स्क्रीन काळी. लोक खोडरबर घेऊन दात घासतात. एखाद्या वेळी चालतं, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, दर महिन्याला घासाल तर जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरा, आणि कॅबिनेट झोतातून बाजूला घ्या. महाग रॅम घेऊन या त्रासातून सुटका नाही. अर्थिंगचंही तसंच, प्लगच्या तिसऱ्या पिनमागे खरंच तार आहे का ते एकदा वायरमनकडून बघून घ्या.

भावातला आणखी एक फरक असा की त्याचा स्टिकशी काही संबंधच नसतो. २०२५ मध्ये मोठ्या उत्पादकांनी डीडीआर४ बनवणं कमी करायला घेतलं, आणि वर्षाच्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी वाढली की सगळ्याच मेमरीचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. विकलेल्या मालाची वॉरंटी सांभाळू असंही म्हटलं. अशा काळात एकच स्टिक एका दुकानात जुन्या खरेदीच्या भावाने मिळते आणि दुसऱ्यात नव्या. म्हणून यवतमाळ, अमरावती आणि नागपूरला सीताबर्डीवर, तिन्हीकडे फोन करून भाव विचारा, मॉडेल नंबर वाचून दाखवून विचारा, आणि त्याच दिवशीचा भाव धरा. अठरा टक्के जीएसटी धरून सांगितलाय की सोडून, तेही विचारा. निम्मे "स्वस्त" भाव तिथेच फुटतात.

मात्र फारच स्वस्त दिसलं तर हात आखडा. ऑनलाइन दोन प्रकार सर्रास दिसतात. एक, सर्व्हरची रजिस्टर्ड ईसीसी रॅम. माल चांगला असतो, पण साध्या डेस्कटॉप बोर्डावर ती सुरूच होत नाही. दुसरा, "फक्त एएमडीसाठी" लिहिलेली डीडीआर३. तिच्यावरच्या चिपांची मांडणी इंटेलच्या कंट्रोलरला हाताळता येत नाही. जुनी एच६१ मशीनं अजून चालवणारे तिला फसतात. याशिवाय जुन्या चिपा काढून नव्या पाटीवर बसवलेला, नाव नसलेला माल असतोच. त्याला बिल नसतं.

नवीन मशीन बांधणाऱ्यांसाठी थोडक्यात. एएमडीचा रायझन ७००० किंवा ९००० प्रोसेसर आणि बी६५० बोर्ड असेल तर तिथे तुमचा प्रश्न उलटा होतो: एक्सपो चालतं, म्हणून फरकाच्या पैशांना अर्थ आहे. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल३६ म्हणजे १२, सीएल४० म्हणजे तेराच्या वर. साधा ५६०० सीएल४६ सोळाच्याही पुढे. गेम खेळणाऱ्याने ६००० सीएल३० घ्यावा, अल्बमवाल्याने सीएल३६ घेऊन वाचलेल्या पैशांत जीबी वाढवावेत. आणि दोनच स्टिक घ्या. चारही स्लॉट भरले की रायझन ७००० साठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. "आता दोन घेऊ, पुढच्या दिवाळीला दोन" हा आपला नेहमीचा हिशोब डीडीआर५ मध्ये जमत नाही.

तर तुमची ऑर्डर अशी द्या: डीडीआर४, डेस्कटॉपची, लॅपटॉपची आखूड नव्हे, ८ जीबी, ३२००, सीएल२२, १.२ व्होल्ट, १आरx८, आठ चिपा, नाव असलेली कंपनी, पक्कं जीएसटी बिल. पार्सल एसटीने येणार असेल तर स्टिक प्लॅस्टिकच्या खोक्यात घालून पाठवायला सांगा, नुसत्या पिशवीत नको. हाती आल्यावर स्टिकरचा आणि सिरियल नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उन्हात, घामात स्टिकरची शाई पुसते आणि मग वॉरंटीला नाव सांगता येत नाही. बसवताना मशीनचा प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग दोन्ही बाजूंचा खटका बसेपर्यंत दाबा. पहिल्यांदा सुरू व्हायला मिनिटभर लागलं तर मध्येच बंद करू नका, बोर्ड नवीन जोडी शिकत असतं.

चालू झालं की मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. एकही चूक दिसली तर स्टिक परत. "एकच तर आहे" म्हणून ठेवून घेऊ नका, तीच एक चूक कधीतरी अर्धवट रेंडर झालेल्या लग्नात उगवते. वॉरंटीला "लाइफटाइम" लिहिलेलं असलं तरी पुढे "लिमिटेड" असतं, अटी वाचून घ्या. किटमधली एक स्टिक गेली तर बऱ्याच कंपन्या दोन्ही मागवतात आणि बदलून यायला दिवस लागतात. सुटी स्टिक घेण्याचा तुमच्यासाठी हाही एक फायदा: नवीन गेली तर ती एकटी जाईल, जुन्या ८ वर पीक विम्याचे फॉर्म भरणं चालू राहील.